पवनारची भरतभेट

वस्तुसंग्रहालय म्हटले की मुंबई, पुणे किंवा फार तर नागपूर आठवावयाचे, अशी आपल्याकडची रीत आहे. त्यातही नागपूरच्या संग्रहालयाला आमच्या लहानपणी कोणी संग्रहालय म्हणत नसे. १८६३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेला लोकांनी आपले नाव ठेवले होते, 'अजब बंगला'. गावातील कोणी मनुष्य कामानिमित्त नागपूरला जाऊन आला की पारावर त्याला पहिला प्रश्न विचारला जाई, "अजब बंगला पाहिला का?" तो मान डोलावून म्हणे, "पाहिला." "काय काय पाहिलं?" "सारंच पाहिलं." तासाभरात सारेच पाहून होत असे, आणि गाडीतून वर्धा येईपर्यंत त्यातले पुष्कळसे विसरूनही होत असे.

त्या भोळ्या माणसांना हसण्याचे कारण नाही. मोठमोठी शिकलेली माणसेही संग्रहालयातून अशीच चालत जातात. दालनामागून दालने येतात, मूर्तीमागून मूर्ती येतात. डोळे पाटीवरचे नाव वाचतात, मूर्तीवरून एकवार फिरतात आणि पुढच्या पाटीकडे वळतात. घरी आल्यावर पाय तेवढे दुखतात. मुलांनो, तुम्हीही कोठे सहलीला गेला असाल, तर हा अनुभव तुम्हांला नवा नसेल.

एका वस्तूपुढे स्वस्थ उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हे. ती शिकावी लागते. सय्यद हैदर रझा नावाचे एक थोर चित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातला. लहानपणी शाळेत त्यांचे चित्त मुळीच ठरत नसे. तेव्हा त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्या चंचल मुलाला त्याकडे पाहत बसावयास सांगितले. एवढेच. पुढे ते नागपूरच्या चित्रकला विद्यालयात शिकले, मुंबईस गेले, १९५० साली पॅरिसला गेले आणि कित्येक वर्षे तेथेच राहिले. त्यांनी डोंगर रंगविले, नगरे रंगविली. आणि उतारवयाकडे झुकताना त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी एक मोठा काळा बिंदू येऊन बसला. शाळेच्या भिंतीवरचा तो ठिपका त्यांनी जन्मभर आठवणीत जपला होता. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे मला या गोष्टीत चित्रकारापेक्षा त्या गुरुजींचे अधिक कौतुक वाटते. त्या काळी चंचल मुलाला छडीचा प्रसाद मिळणेच अधिक संभवनीय होते!

आमचे गाव सिंदी मेघे. वर्धा शहर वाढत वाढत आता आमच्या अंगणापर्यंत आले आहे. कोठे शहर संपते आणि कोठे गाव सुरू होते, हे नव्या माणसाला सांगावे लागते. या गावात मी तीसपेक्षा अधिक वर्षे शिकविले आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापकाची खुर्ची सांभाळली. दर हिवाळ्यात सातवीच्या मुलांची सहल काढावयाची, हा माझा परिपाठ होता. मुलांना अर्थातच मुंबईचा समुद्र पाहावयाचा असे. शाळेच्या पेटीतले पैसे मात्र आम्हांला धाम नदीच्या पलीकडे जाऊ देत नसत. पुढे पुढे मला त्याचे वाईट वाटेनासे झाले. कारण आमच्या घरापासून दहा-बारा किलोमीटरांच्या आत जे पाहावयास मिळते, ते पाहावयास लोक दूर देशांहून येतात.

सहलीत माझा एक नियम असे. प्रत्येकाने कोणतीही एकच वस्तू निवडावी, पाटी न वाचता तिच्यापुढे उभे राहावे आणि मनातल्या मनात सावकाश दोनशे आकडे मोजावे. मग काय दिसले ते सांगावे. पन्नासापर्यंत मुले चुळबुळ करीत. शंभराच्या सुमारास काही जण एकमेकांना कोपर मारीत. दीडशेनंतर मात्र बहुतेकांच्या मुद्रा बदलत, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

वर्धेच्या मगन संग्रहालयात आम्ही प्रथम थांबत असू. गांधीजींचे चुलत पुतणे आणि सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाचे हे संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी खुद्द गांधीजींच्या हस्ते उघडले गेले. येथे राजांचे मुकुट नाहीत की रत्नखचित तलवारी नाहीत. येथे आहेत चरखे, खादी आणि खेड्यातील कारागिरांच्या हातच्या वस्तू. एका वर्षी एक मुलगी एका जुन्या चरख्यापुढे दोनशे आकडे मोजून आली आणि मला म्हणाली, "सर, हा फिरवणारीचा हात कुठं गेला असेल?" तिची आजी कापसाच्या कारखान्यात रोजाने जात असे, हे मला ठाऊक होते. मी काही बोललो नाही. चरख्याचा इतिहास सांगण्यासाठी मी आदल्या रात्री टिपणे काढून नेली होती. ती मी खिशातच राहू दिली.

कोणी म्हणेल, चरखा ही ओळखीची वस्तू आहे, तिच्यात आपले माणूस दिसणे स्वाभाविकच; परक्या देशाची मूर्ती असेल तर काय? त्याचेही उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील औंध येथे, यमाईच्या डोंगरावर, श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनी मोठ्या हौसेने जमविलेली चित्रे व शिल्पे या संग्रहालयात आहेत. तेही १९३८ सालचेच. त्यात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची 'आई व मूल' ही लहानशी कृती आहे. मूरच्या मूर्तींत नाकडोळ्यांचे बारकावे शोधावयाचे नसतात; आकार तेवढा बोलतो. निवृत्तीनंतर मी तेथे गेलो असता देवीच्या दर्शनाला आलेले एक कुटुंब त्या मूर्तीशी थांबले होते. त्यातील म्हातारीने शिल्पकाराचे नाव वाचले नाही, वाचता येतही नसावे. तिने आपल्या सुनेच्या कडेवरील नातवाला मात्र मूर्ती दाखविली आणि सुनेला म्हणाली, "बघ, अस्संच धरायचं असतं पोराला." मूरला हे ऐकावयास मिळते तर बरे झाले असते.

आता पवनारकडे वळू. वर्धेहून नागपूरच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर गेले की धाम नदीचा पूल लागतो. पात्रात काळे खडक उघडे पडलेले असतात आणि त्यांच्यामधून पाणी वाट काढीत जाते. याच पात्रात १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. पुलापलीकडे नदीकाठच्या उंचवट्यावर विनोबा भावे यांचा परंधाम आश्रम आहे. १९५९ साली विनोबांनी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात येथेच देह ठेवला.

या आश्रमाच्या आवारात जुनी शिल्पे मांडलेली आहेत. ती कोणी लांबून विकत आणली नाहीत, कोणी दानशूराने दिली नाहीत. ती त्याच जमिनीतून निघाली. आणि त्यांतील एकाची कथा अशी आहे की, ती मी दर वर्षी सांगत असे आणि दर वर्षी सांगताना माझाच आवाज हलका होत असे.

१९३२ साल. विनोबा तेव्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. हीच पुढे 'गीता-प्रवचने' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बाराव्या अध्यायावर बोलताना भक्तीचे दोन प्रकार समजावून सांगण्यासाठी त्यांनी लक्ष्मण आणि भरत यांचे उदाहरण घेतले. लक्ष्मण रामाबरोबर वनात गेला. त्याला रामाचा सहवास मिळाला. भरताला तो मिळाला नाही. त्याच्या वाट्याला राज्य आले, आणि ते त्याने रामाच्या पादुका पुढे ठेवून, नंदिग्रामात तपस्व्यासारखे राहून चालविले. चौदा वर्षांनी दोघे भाऊ भेटले तेव्हा दोघांचीही मुद्रा तपाने सारखीच उजळलेली होती. वनातून कोण आला आणि नगरात कोण राहिला, हे पाहणाऱ्याला ओळखता येऊ नये. एखाद्या चित्रकाराने त्या भेटीचे असे चित्र काढले तर ते किती पावन होईल, अशा अर्थाचे उद्गार विनोबांनी त्या तुरुंगात काढले. ऐकणारे सारे कैदी. त्यांतील किती तरी जण आपापल्या घरी कोणाला तरी मागे ठेवून आलेले असणार.

सहा वर्षे गेली. १९३८ साली विनोबा पवनारला राहावयास आले. प्रकृती अगदी क्षीण झाली होती. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घेण्याऐवजी ते नदीकाठच्या या उंचवट्यावर आले आणि त्यांनी जमीन खणावयास आरंभ केला. आधी थोडा वेळ, मग जरा अधिक, असा तो व्यायाम वाढत गेला. त्या खणण्यात एके दिवशी कुदळीला दगड लागला. माती सारून पाहतात तो शिल्प! दोघे भेटत आहेत. विनोबांनी ते पाहिले आणि त्यांना ओळख पटली. राम आणि भरत! जे चित्र कोणी तरी काढावे असे त्यांनी तुरुंगात म्हटले होते, ते एका अज्ञात कारागिराने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच काढून, जणू त्यांच्यासाठी, मातीत जपून ठेवलेले होते. विनोबांनी ते शिल्प देवाचा प्रसाद मानले. पुढे त्याची स्थापना झाली आणि आश्रमात ते भरत-राम म्हणून पूजिले जाऊ लागले.

मुले ही कथा ऐकून शिल्पापुढे उभी राहत. पण एका वर्षी मी क्रम बदलला. कथा आधी सांगितलीच नाही. नुसते दोनशे आकडे मोजावयास सांगितले. पहिलाच मुलगा धावत आला आणि म्हणाला, "सर, कुस्ती खेळून राहिले!" सारा वर्ग हसला. मी हसलो नाही. तो मुलगा तालमीत जाणारा होता. दोन माणसे एकमेकांजवळ आली की त्याला कुस्ती दिसणे साहजिक होते. मी त्याला म्हटले, "पुन्हा दोनशे मोज. आणि तुझ्या तालमीतल्या गड्यांची तोंडे आठवून पाहा." तो गेला. परत आला तो जरा हळू चालत आला. "नाही सर," तो म्हणाला, "कुस्तीत माणूस दात-ओठ खातो. हे तसे नाहीत. हे भांडून राहिले नाहीत." मग थोडे थांबून त्याने विचारले, "यातला कोणी लय दिवसांनी घरी आला का?"

त्या वर्षी मी कथा सांगितली ती या प्रश्नानंतर. सांगावयास फारसे उरलेही नव्हते.

पण सातवीचा वर्ग म्हणजे काही केवळ भाविकांचा मेळा नव्हे. त्यात चिकित्सक मुलेही असतात, आणि ती असावीत म्हणून तर शाळा. अशाच एका मुलीने मला अडविले. झाले असे की, मी उत्साहाच्या भरात पवनारचा इतिहास सांगू लागलो होतो. थोर संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी असे प्रतिपादिले की, पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय. या राजाची माता प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. ती रामगिरीवरील, म्हणजे आजच्या रामटेकवरील, देवाची भक्त होती. प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' नावाचे एक प्राकृत काव्य आहे आणि त्याचा विषय रामाने समुद्रावर बांधलेला सेतू हा आहे. जिथे मातेच्या मनात राम आणि पुत्राच्या काव्यात राम, तिथल्या मंदिराच्या शिल्पांतही रामकथा असावी, असा मिराशींचा विचार. त्यांनी येथील शिल्पांतून रामायणातले प्रसंग ओळखले. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खननही केले. परंतु मूर्तिशास्त्राच्या पुढच्या काही अभ्यासकांना हे पटले नाही. त्यांनी येथील काही शिल्पांचा संबंध कृष्णाच्या कथेशी जोडला आहे. राजधानी कोणती याविषयीही मतभेद आहेत. रामटेकजवळच्या मनसरला मोठे उत्खनन झाल्यापासून काही जण तिकडे बोट दाखवितात.

हे सारे ऐकून ती मुलगी म्हणाली, "म्हणजे हे राम-भरत नसतीलही?"

"नसतीलही," मी म्हणालो.

"मग विनोबांचं काय?"

वर्गात एकदम शांतता पसरली. सर काय म्हणतात याकडे सर्वांचे डोळे लागले. अशा वेळी शिक्षकाने घाईने उत्तर देऊन टाकू नये, असे माझे मत आहे. घाईच्या उत्तराने प्रश्न मरतो. मी तिला म्हटले, "तूच विचार कर आणि सोमवारी मला सांग." सोमवारी तिने वहीच्या एका पानावर काही लिहून आणले. त्यात एक वाक्य असे होते की, पाटीवर काय लिहायचे ते अभ्यासकांनी ठरवावे, पण विनोबांना काय दिसले ते पाटीवर मावणार नाही. बारा वर्षांच्या मुलीचे ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

मला स्वतःला या प्रश्नाचा थोडा अधिक विचार करावा लागला. कारागिराने छिन्नी हातात घेतली तेव्हा त्याच्या मनात कोण होते, हा एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर ताम्रपट वाचून, इतर ठिकाणच्या मूर्तींशी ताडून, जमीन खणूनच द्यावे लागते. आणि नवा पुरावा आला तर ते बदलावेही लागते. तेथे आपल्या भक्तीचा किंवा आवडीचा उपयोग नाही. या मूर्तीपुढे उभे राहिल्यावर मला कोण आठवले, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर देण्यास मिराशी समर्थ नाहीत आणि त्यांचे प्रतिपक्षीही नाहीत. तरीसुद्धा हा दुसरा प्रश्न म्हणजे वाटेल ते बोलण्याचा परवाना नव्हे. तालमीतल्या त्या मुलाला परत जावे लागले, मुद्रा पाहाव्या लागल्या, आपली कुस्ती सोडावी लागली. दगडाकडे नीट न पाहता जो अर्थ सुचतो तो आपल्याच खिशातला असतो. तो आणण्यासाठी पवनारला जाण्याचे कष्ट कशाला?

माझ्या मनातील अर्थ मी मुलांना कधी सांगितला नाही. आता सांगावयास हरकत नाही.

माझे वडील वारले तेव्हा मी तिसरीत होतो आणि माझा थोरला भाऊ सातवीत होता. दादा अभ्यासात माझ्याहून हुशार होता. त्याचे अक्षर तर असे की, गुरुजी फळ्यावरचा सुविचार त्याच्याकडून लिहवून घेत. त्या वर्षी त्याने शाळा सोडली. पाच एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी आणि आई. पऱ्हाटी आणि तूर हीच आमची पिके. मी शिकत गेलो. वर्धेला महाविद्यालयात गेलो, पुढे नागपूरला मराठी घेऊन एम. ए. झालो. दर महिन्याला एस. टी. च्या वाहकाबरोबर माझ्यासाठी एक पिशवी येत असे. तीत ज्वारीचे पीठ असे, तुरीची डाळ असे, आणि पिठात कागदाच्या पुडीत बांधलेल्या नोटा असत. त्या पुडीवर सुंदर वळणदार अक्षरात माझे नाव लिहिलेले असे. पुडीत पत्र कधी नसे. मी खोलीवर बसून ज्ञानेश्वरीवरील टीकाग्रंथ वाचीत असे, आणि त्या अक्षराकडे पाहिले की वाचलेले काही वेळ पुढे सरकत नसे.

त्यामुळे गीता-प्रवचनांतील भरत मी जेव्हा प्रथम वाचला, तेव्हा मला त्याचा चेहरा शोधावा लागला नाही. आणि पवनारचे शिल्प पाहिले तेव्हा तर नाहीच नाही. घर सोडून गेलेल्याची कथा सारे जग सांगते. जो मागे राहिला, ज्याने उंबरठा सांभाळला, त्याचेही तप तेवढेच, हे सांगणारा तो दगड मला आमच्या घरातलाच वाटे.

निवृत्त झालो त्या हिवाळ्यात मी दादाला म्हटले, "चल, पवनारला जाऊन येऊ." इतक्या जवळ राहून तो त्या आश्रमात कधी गेला नव्हता. नदीवरच्या जत्रेला गेला होता, बैलबाजाराला गेला होता. पण शिल्पे पाहण्यासाठी म्हणून जावे, हे त्याला सुचले नव्हते आणि सवडही नव्हती. आम्ही दोघे वहाणा काढून आत गेलो. मी त्याला विनोबांची कथा सांगितली. मग बरीच वर्षे मनात धरून ठेवलेले वाक्य बोललो. म्हणालो, "दादा, यातला भरत तू."

दादाने माझ्याकडे पाहिले आणि तो गालातल्या गालात हसला. "मास्तर," तो मला नेहमी मास्तरच म्हणे, "मी कोनतं राज्य सांभाळलं रे? पाच एकर! अन् भरतानं त रामाच्या पादुका ठेवून घेतल्या होत्या. तुह्या चपला त तू नागपूरले घालून गेलता."

तेथील शांततेत मला हसू आवरणे कठीण झाले. नंतर डोळे पुसावे लागले ते हसण्यानेच, असे मी त्याला सांगितले.

तो मात्र शिल्पापासून हलला नाही. मी त्याला दोनशे आकड्यांचा नियम सांगितला नव्हता. त्याला त्याची गरजही नव्हती. आभाळाकडे, पिकाकडे, बैलाच्या पायाकडे तास तास पाहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला मी काय पाहावयास शिकविणार? तो वाकला, दगडाच्या कडा त्याने न्याहाळल्या, पुन्हा सरळ उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "खनणाराचा हात मोठा जपून चालत असंन."

मला कळले नाही. मी विचारले, "म्हणजे?"

"अरे, कुदळ लागली की आवाज येते. दगडाचा आवाज आला की आपण काय करतो? अजून जोरानं मारतो, फोडून काढतो. वखराच्या आड येते ना ते. यायनं मारली नाही. थांबले. हातानं माती काढली." त्याने आपला उजवा हात थोडा पुढे करून माती सारल्यासारखा हलविला. "थांबले म्हनून हे वाचलं. नाही त याचे दोन तुकडे होऊन धुऱ्यावर पडले असते."

त्या शिल्पाविषयी मी पुष्कळ वाचले होते. राम वाचला होता, भरत वाचला होता, वाकाटक वाचले होते. ज्या हाताने कुदळ थांबविली त्या हाताकडे माझे लक्ष वेधले ते दादाने. त्याला त्या दगडात ना रामकथा दिसली, ना आमच्या दोघांची कथा. त्याला जमीन खणणारा दुसरा एक माणूस दिसला, आणि त्याचे काम पसंत पडले.

परतताना पुलावर तो थोडा थांबला. खाली धामचे पाणी होते. "मास्तर," तो म्हणाला, "तू पोरायले दर साली इथं आनत होता?"

"हो."

"चांगलं करत होता," एवढेच बोलून तो चालू लागला. दादाने माझ्या नोकरीविषयी काढलेला हा पहिला आणि शेवटचा अभिप्राय. त्यानंतर तीन वर्षांनी तो गेला.

मी अजून पवनारला जातो. कधी शेजारच्या मुलांना घेऊन, कधी एकटा. शिल्प तेच आहे, पण आता मला त्यात प्रथम राम दिसत नाही आणि भरतही दिसत नाही. माती सारणारा एक हात दिसतो. कधी तो विनोबांचा असतो, बहुधा दादाचा असतो.

शेत आता पुतण्या पाहतो. गेल्या उन्हाळ्यात मी धुऱ्यावरच्या निंबाखाली बसलो होतो आणि तो ट्रॅक्टरने नांगरीत होता. फाळ कशावर तरी अडला. त्याने यंत्र बंद केले, खाली उतरला आणि गुडघे टेकून हाताने माती बाजूला करू लागला. साधा काळा दगड होता. त्याने तो उचलला, उलटा करून दुसरी बाजूही पाहिली आणि मग धुऱ्यावर आणून ठेवला.